शरभ पोसायचा तर रान केवढे लागेल?

चंद्रपूरच्या परकोटावर गोंड राजांचे राजचिन्ह कोरलेले आहे. हत्तीला नमवणारा सिंह. याच जातकुळीचा, पण त्याहून अचाट असा एक प्राणी महाराष्ट्रातल्या कितीतरी किल्ल्यांच्या दरवाजांवर भेटतो. त्याला शरभ म्हणतात. धड सिंहाचे, कुठे पंख, कुठे शिंगे, आणि हत्ती तर त्याच्यापुढे उंदराएवढे. काही शिल्पांत चारही पंजांत एकेक हत्ती, एक जबड्यात आणि एक शेपटीच्या विळख्यात असतो. पुराणांतला शरभ आणखी पुढचा. नरसिंहाचा अनावर क्रोध शमवण्यासाठी शिवाने हे रूप घेतले, आणि त्याला आठ पाय होते असे शैव परंपरा सांगते.

शिल्पकाराला हा प्राणी जगतो की मरतो याच्याशी देणेघेणे नव्हते. त्याला राजाचा दरारा दगडात उतरवायचा होता आणि तो त्याने उतरवला. पण आज कल्पित सृष्टी रचणारे लेखक, चित्रकार, गेम बनवणारे तरुण वेगळ्या अडचणीत असतात. त्यांचा शरभ गोष्टीत चालतो, पळतो, शिकार करतो, पिले वाढवतो. वाचकाला तो खरा वाटायला हवा. मग ते सांगाडा मांडून बसतात, पंखांची लांबी मोजतात, पायांचे सांधे जुळवतात. हे करायलाच हवे, या प्रकरणात आपणही करणार आहोत. पण माझे म्हणणे असे की शरभाची खरी परीक्षा त्याच्या हाडांत नाही, त्याच्या रानात आहे. तो खातो काय, त्याला जोडीदार कुठे मिळतो आणि त्याची वाढलेली पिले कुठे जातात, हे विचारल्याशिवाय कुठलाही कल्पित प्राणी जिवंत होत नाही. आणि हे प्रश्न विचारायला यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याइतकी चांगली जागा दुसरी सापडणार नाही. गावाभोवती कपाशी आणि तूर, पूर्वेला वणीच्या कोळसा खाणी, मधून जाणारा नागपूर-हैदराबाद महामार्ग, आणि जवळच टिपेश्वर अभयारण्य. वाघ काय खातो आणि कुठे जातो हा तिथे रोजच्या बोलण्यातला विषय आहे.

आधी हाडांचा हिशेब उरकू. शिल्पातले प्रमाण शब्दशः धरले तर शरभाची खांद्याशी उंची दहा मीटर तरी हवी. पट्टेदार वाघ खांद्याशी साधारण एक मीटर भरतो आणि वजनाला 200 किलो धरायला हरकत नाही. वाघ दहापट उंच केला की लांबी आणि रुंदीही दहापट होते, म्हणजे वजन हजारपट, 200 टन. पण पायाचे हाड वजन पेलते ते आपल्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर, आणि ते वाढते फक्त शंभरपट. म्हणजे हाडाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर दहापट भार. प्राण्यांची हाडे नेहमीच्या ताणाच्या दुप्पट ते चौपट ताण सोसू शकतात, त्यापुढे मोडतात. हा शरभ उभा राहतानाच कोसळेल. गॅलिलिओने 1638 च्या ग्रंथात हे तत्त्व मांडले. जे. बी. एस. हाल्डेन यांनी 1926 मध्ये योग्य आकार या विषयावरच्या निबंधात ते सामान्य वाचकांपर्यंत नेले. हेच हाल्डेन पुढे भारतात स्थायिक झाले आणि 1964 मध्ये भुवनेश्वरला वारले.

तरीही अजस्र प्राणी झालेच नाहीत असे नाही, आणि ते पांढरकवड्यापासून फार दूरही नव्हते. वरोऱ्याजवळच्या डोंगरगावला एका लांब मानेच्या डायनासोरची हाडे सापडली. भारतीय सांख्यिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 1997 मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि पुढे 2003 मध्ये त्या संस्थेच्या नावावरून त्याला इसिसॉरस हे नाव मिळाले. त्याच भागातल्या पिसदुऱ्याला डायनासोरांची दगड झालेली विष्ठा मिळते. तिच्यात गवताच्या पेशींतले सिलिकाचे सूक्ष्म कण असल्याचे 2005 मध्ये जाहीर झाले, तेव्हा डायनासोर गवत खात होते ही गोष्ट जगाला प्रथमच कळली. विदर्भाच्या मातीने जगाच्या ज्ञानात घातलेली ही भर आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे याची मला खंत वाटते. आपल्या कामाचा मुद्दा असा की हे महाकाय प्राणी शाकाहारी होते. पाय खांबासारखे सरळ, मणक्यांत हवेच्या पोकळ्या, आणि न चावता गिळायचे म्हणून डोके छोटे. जमिनीवरचे सर्वांत अवजड ज्ञात शिकारी मात्र आठ-नऊ टनांच्या आसपास थांबले. झेप घेणारा, वाकणारा, वळणारा सिंह 200 टनांचा करता येत नाही.

तेव्हा आकार उतरवू. आता पाय आणि पंख.

पाठीचा कणा असलेल्या जमिनीवरच्या सगळ्या प्राण्यांना हातपाय मिळून चारच अवयव असतात. बेडूक, पाल, कावळा, वटवाघूळ, आपण, सगळे यात आले. सुमारे 37 कोटी वर्षांपूर्वी ज्या माशांच्या वंशातून हे प्राणी निघाले त्यांना जोडीचे पर चार होते, आणि तो आकडा पुढे कधी वाढला नाही. सापाच्या बाबतीत तो शून्यावर आला. पक्ष्याला पंख मिळाले ते पुढच्या पायांचेच, वटवाघळालाही तसेच. म्हणजे चार पाय आणि वर दोन पंख असलेला सिंह आपल्या ओळखीच्या कुठल्याच वंशात बसत नाही. आठ पायांचा तर नाहीच.

पण इथे एक चकित करणारा प्रयोग आठवतो. 1995 मध्ये लंडनमध्ये शेरिल टिकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोंबडीच्या अंड्यातल्या भ्रूणाच्या कुशीत, पंख आणि पाय यांच्या मधल्या जागी, वाढीला चालना देणाऱ्या एका प्रथिनात भिजवलेला बारीक मणी ठेवला. तिथे नवा अवयव उगवू लागला. मणी पंखाच्या बाजूला असेल तर पंख, पायाच्या बाजूला असेल तर पाय. कुशीच्या त्या पेशींमध्ये अवयव घडवण्याची क्षमता होतीच, इशारा मिळत नव्हता एवढेच. म्हणून सहा अवयव ही गोष्ट जीवशास्त्राच्या आवाक्याबाहेरची नाही. अवघड आहे ते पुढचे. पंखाला खांद्याचा सांधा हवा, पुढच्या पायालाही हवा, आणि दोघांचे स्नायू छातीवर एकाच जागेसाठी भांडणार. एखाद्या लेखकाला पंखांचा शरभ हवाच असेल तर त्याने आपल्या सृष्टीत मागे जावे, आणि तीन जोड्या पर असलेला मासा किनाऱ्यावर आणावा. मात्र मग त्या जगातली पाल, बेडूक, गाय आणि माणूस, सगळेच सहा अवयवांचे होतील. एक शरभ खरा करायचा तर सारी सृष्टी बदलावी लागते, आणि मला वाटते लेखकाने ही संधी सोडू नये.

उडण्याचा हिशेब आणखी कडक आहे. अवजड पक्ष्यांच्या पंखाच्या एका चौरस मीटरवर जास्तीत जास्त 25 किलोच्या आसपास भार असतो. 180 किलोच्या सिंहाला म्हणून सव्वासात चौरस मीटर पंख हवेत, म्हणजे टोकापासून टोकापर्यंत सात मीटर. पक्ष्यांत उडण्याचे स्नायू शरीराच्या साधारण पाचवा हिस्सा असतात. म्हणजे 36 किलो मांस नुसते छातीवर, आणि ते धरायला छातीचे हाड नांगराच्या फाळासारखे पुढे आलेले. असा प्राणी समोरून पाहिला तर सिंह वाटणार नाही. आपला माळढोक नर 15 किलोपर्यंत भरतो, तेवढ्याशा वजनानेही त्याला जमीन सोडताना धावावे लागते. नामशेष झालेला दक्षिण अमेरिकेतला आर्जेन्टाविस हा पक्षी सुमारे 70 किलोचा होता असा अंदाज आहे. केत्साल्कोआत्लस हा उडणारा सरीसृप 200 किलोच्या पुढे गेला असावा, पण त्याचे पंख दहा मीटरांचे होते आणि हाडे पोकळ.

समजा सात मीटर पंख दिले. आता हा शरभ टिपेश्वरात सोडा. तिथे सागवानाचे शुष्क पानझडी जंगल आहे, दोन झाडांत तेवढी मोकळी जागाच नाही. त्याला पंख पसरता येणार नाहीत. पंखांचा शरभ उघड्या माळाचा किंवा कड्याकपारींचा प्राणी व्हायला हवा, गिधाडासारखा उबदार हवेच्या झोतावर चढणारा. रानाने अवयव ठरवला तो असा. टिपेश्वरच्या शरभाला आपण पंख देणार नाही. फार तर कोकण-गोव्याच्या झाडीतल्या उडत्या सरड्याप्रमाणे फासळ्या बाहेर काढून त्यांवर कातडे ताणता येईल. त्यात हातपाय खर्ची पडत नाहीत, पण ती युक्ती काही ग्रॅम वजनाच्या जिवालाच पेलते.

शिंगांचे मात्र तसे नाही. शिंग ही डोक्यावरच्या हाडाची आणि कातडीची वाढ, ती निसर्गाला स्वस्त पडते. टिपेश्वरातच चौसिंगा आहे, चार शिंगांचे एकमेव रानटी हरीण. मेंढ्या-बकऱ्यांच्या काही जातींतही चार शिंगे येतात, आणि त्याचे कारण एका जनुकातला बदल आहे हे 2021 मध्ये दाखवले गेले. सिंहाला शिंग देताना अडचण एकच, चाव्याचा स्नायू. मांजरकुळातल्या मोठ्या शिकाऱ्यांच्या कवटीवर, कपाळापासून मागे, तो स्नायू पसरलेला असतो. शिंगाचे मूळ त्याच जागेवर बसले तर चावा कमजोर होणार. म्हणून आपल्या शरभाला शिंगे भुवईच्या वर, आखूड आणि बाहेरच्या बाजूला.

दोन प्राण्यांच्या संकरातून शरभ का होऊ नये, असा प्रश्न येतोच. त्याचे खरे उत्तर कोल्हापुरात आहे. शाहू छत्रपतींच्या काळात, 1910 मध्ये, कोल्हापूरला बिबट्या नर आणि सिंहीण यांच्यापासून दोन पिले झाली. बिबट्या आणि सिंह यांच्या अशा संकराची ही पहिली ज्ञात नोंद. एक पिलू अडीच महिन्यांचे होऊन मेले. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने त्याचे कातडे लंडनला आर. आय. पोकॉक यांच्याकडे पाठवले आणि 1912 मध्ये त्यांनी त्यावर लिहिले. कलकत्त्याच्या अलिपूर प्राणिसंग्रहालयात तर वाघ आणि सिंहीण यांच्या संकरातून झालेल्या मादीला पुन्हा सिंहापासून पिले झाली. पुण्याजवळच्या माळरानावर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचे 2023 मध्ये जनुकीय तपासणीने सिद्ध झाले, आणि लांडग्यांच्या भवितव्यासाठी ती चिंतेची बाब आहे. हे सगळे जवळचे नातलग. बिबट्या आणि सिंह यांचे वंश काही दशलक्ष वर्षांपूर्वी वेगळे झाले. सिंह आणि गरुड यांचा समान पूर्वज शोधायला 32 कोटी वर्षे मागे जावे लागते. तिथे संकराची भाषा थांबते.

मग जोडकाम वाटणारा प्राणी येतो कुठून? पांढरकवड्याच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, तो रोह्याकडे बोट दाखवेल. नर रोही तुरीच्या शेतात उभा असतो तेव्हा नीट पाहावा. खांदे उंच आणि पाठ मागे उतरती, मान घोड्याची, शेपूट गाईचे, गळ्याखाली केसांचा झुबका, अंगाच्या मानाने अगदीच तोकडी शिंगे, खुरांच्या वर पांढरी कडी. मादी पिवळट तपकिरी, तिला शिंगे नाहीत. लेंड्या टाकायला रोही पुन्हा पुन्हा त्याच जागेवर येतात, शेताच्या बांधाशी त्यांचा ढीग साचतो. एखाद्या चित्रकाराने हा प्राणी कल्पून काढला असता तर आपण म्हणालो असतो, चार जनावरे चिकटवली. प्रत्यक्षात तो एकाच वंशाचा आहे, आणि त्याचा आजचा सर्वांत जवळचा नातलग आहे चौसिंगा. दोनशे किलोंचा रोही आणि वीस किलोंचा चौसिंगा, एका जुन्या शाखेचे उरलेले हे दोनच वारस एकाच रानात चरतात. शरभही असाच हवा. सिंहाचा वाटणारा, पण सिंह नसलेला, स्वतःच्या वेगळ्या शाखेतून आलेला.

शिल्पांतल्या दोन डोक्यांच्या गंडभेरुंडाबद्दलही थोडे सांगून पुढे जाऊ. दोन डोकी येतात ती भ्रूणाचे विभाजन अर्धवट राहिल्याने. सापांत ती अधूनमधून दिसतात. दोन मेंदू, एक पोट, आणि भक्ष्याकडे कोणी वळायचे यावर ओढाताण. असा जीव रानात फार टिकत नाही आणि ती विकृती पिलांत उतरत नाही. म्हणून दोन डोक्यांची जात संभवत नाही. संभवते ते डोक्यासारखे शेपूट, जसे मांडुळाला असते. त्या बोथट शेपटीमुळे मांडूळ दुतोंड्या ठरला, त्याच्याभोवती गुप्तधनाच्या कथा रचल्या गेल्या, आणि आजही तस्कर त्याला पोत्यात घालून विकायला नेतात. कल्पित प्राण्याच्या लोभापायी खरा, निरुपद्रवी साप मरतो याचा मला मनापासून संताप येतो.

आता रानाकडे. आपला शरभ 300 किलोचा, चार पायांचा, बिनपंखी. राजचिन्हाला जागायचे तर त्याने हत्ती मारला पाहिजे. एकट्याने ते जमणार नाही, पण कळपाने जमते. बोट्सवानातल्या सावुटी भागात सिंहांचे कळप रात्री हत्तींवर, बहुतेक वेळा वाढत्या वयाच्या हत्तींवर, हल्ले करतात. टेक्सासमधल्या फ्रीझेनहान गुहेत होमोथेरियम या नामशेष सुळेदार मार्जाराच्या सांगाड्यांसोबत मॅमथच्या पिलांची हाडे मोठ्या संख्येने सापडली. म्हणजे गजशार्दूल खरोखर होऊन गेले. ते समूहाने राहत असावेत आणि पूर्ण वाढलेला हत्ती टाळून पिलू गाठत असावेत.

समूह म्हटला की पोटाचा प्रश्न आला. ख्रिस कार्बोन आणि जॉन गिटलमन यांनी 2002 मध्ये निरनिराळ्या मांसाहारी प्राण्यांची तुलना करून एक ढोबळ प्रमाण मांडले. रानात 10,000 किलो भक्ष्य जिवंत फिरत असेल तर त्यावर सुमारे 90 किलो शिकारी पोसला जातो. 180 किलोच्या वाघाला 20,000 किलो, म्हणजे 50 किलोची धरली तर 400 चितळे. मारायला नव्हे, चरत राहायला. वाघ वर्षाला पन्नासेक मोठी जनावरे मारतो, आणि तेवढी दरवर्षी नव्याने जन्मावीत म्हणून मागे चारशे लागतात. आठ शरभांच्या कळपाला याच हिशेबाने 2,67,000 किलो भक्ष्य हवे, म्हणजे पाच हजारांहून जास्त चितळे. दरवाजावरच्या 200 टनी शरभाला हेच प्रमाण लावणे धाडसाचे आहे, तरी लावून पाहिले तर त्या एकट्याला साडेपाच हजार हत्तींचे रान लागेल. भारतातले सगळे रानहत्ती मिळून असे चार-पाच शरभ जगतील.

चांगल्या जंगलात वाघिणीचे क्षेत्र 20 चौरस किलोमीटर आणि वजन 130 किलो धरू. त्या दराने आठ शरभांच्या कळपाला सुमारे 370 चौरस किलोमीटर लागतात. टिपेश्वर 148 चौरस किलोमीटरचे आहे. एक कळपसुद्धा तिथे मावत नाही. आणि एका कळपाने जात टिकत नाही. जवळच्या नात्यातल्या प्रजननाचे दुष्परिणाम टाळायला किमान 50 प्रजननक्षम प्राणी हवेत असा जनुकशास्त्रज्ञांचा जुना अंदाज आहे. 50 शरभांना 2,300 चौरस किलोमीटर लागतील, म्हणजे बफरसकट सगळ्या ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाहून अधिक. गोष्टीत शरभ एकुलता एक असतो. जीवशास्त्रात एकुलता एक म्हणजे संपत आलेला.

रान अपुरे पडले की शिकारी शेताकडे येतो. हे पांढरकवड्याने भोगले आहे. अवनी नावाने ओळखली गेलेली टी-1 वाघीण, तिची दोन पिले, झुडपी जंगल आणि त्याला लागून असलेली कपाशी. तेरा माणसांच्या मृत्यूंशी तिचे नाव जोडले गेले. 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री तिला गोळी घालण्यात आली आणि देशभर वाद पेटला. गुराखी, कापूस वेचणाऱ्या बाया, संध्याकाळी शेतातून परतणारी माणसे या सगळ्यांचे जगणे दोन वर्षे भीतीत गेले. वाघीणही तिच्या परीने फक्त पिले वाढवत होती. शरभाची गोष्ट लिहिणाऱ्याने त्या सृष्टीतल्या गुराख्याला विसरू नये. शरभ दिसला की तो काय करतो, गुरे किती वाजता घरी आणतो, मेलेल्या बैलाचे पैसे कोण देतो, यावर शरभाचे खरेपण ठरते.

आणि वाढलेले पिलू? टिपेश्वरात जन्मलेला सी-1 हा तरुण वाघ गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन जून 2019 मध्ये बाहेर पडला. विदर्भ, तेलंगण, मराठवाडा असा फिरत, शेतांतून, नाल्यांतून, रस्ते ओलांडत तो डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्याची सगळी चाल मिळून 3,000 किलोमीटरच्या वर गेली. दिवसा तो लपून राही, चाल बहुतेक रात्रीची. ज्ञानगंगेत त्याला भक्ष्य मिळाले, वाघीण मिळाली नाही.

आपल्या शरभाचा नरही असाच निघेल. 2021 पासून छत्तीसगडकडून आलेला हत्तींचा कळप गडचिरोलीत आहे, तेव्हा हत्तींवर जगणारे शरभ तिकडेच असणार. त्यांच्यातल्या एखाद्या तरुण नराला टिपेश्वरच्या मादीपर्यंत यायचे असेल तर आधी वैनगंगा, मग चंद्रपूर टाळून वर्धा नदी, मग वणीच्या कोळसा खाणी, त्यापुढे मैलोन्मैल कपाशी, आणि शेवटी रात्रभर ट्रक धावणारा चव्वेचाळीस क्रमांकाचा महामार्ग. लेखकाने नकाशा काढायला घ्यावा तो इथून, आणि नर महामार्गावर पोचतो तेव्हा रात्रीचे किती वाजले आहेत तेही ठरवावे.